पाहणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचा बिल्ला : फेसबुक, सप्टेंबर २०१८

२०१८ साली गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. दीड दिवसाचे गणपती विसर्जनाला निघत होते आणि त्यांचे फोटो फेसबुकवर चढत होते. नेमक्या त्याच १४ तारखेपासून फेसबुकच्या एका सोयीचा वापर अचानक वाढला. तो का वाढला हे कळायला अकरा दिवस लागले. अनंत चतुर्दशी होऊन गेली आणि २५ सप्टेंबरला कंपनीच्या इंजिनिअरांच्या लक्षात आलं, की हा वापर नाही, हल्ला आहे. पुढच्या दोन दिवसांत भगदाड बुजवलं गेलं. २८ तारखेला, शुक्रवारी, कंपनीनं जाहीर केलं की सुमारे ५ कोटी खात्यांची टोकनं धोक्यात आली आहेत. ती खाती आणि खबरदारी म्हणून आणखी ४ कोटी, अशी ९ कोटी माणसं सक्तीनं लॉगआउट झाली.

सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच लॉगिनवर अनेक साइट्स उघडणं. अशा सेवा तपासणं हे माझं रोजचं काम. एका ऑनलाइन समुदायाची लॉगिन सेवा आमच्याकडे आहे. टीममध्ये नवा टेस्टर आला की पहिल्याच आठवड्यात मी त्याला हे प्रकरण सांगते. यात कोणाचाही पासवर्ड फुटला नव्हता. लॉगिनचं पान ठणठणीत होतं. लॉगिन तपासायचं म्हणजे लॉगिनचं पान तपासायचं, हा समज मोडायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

टोकन म्हणजे काय हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा पत्र्याचा बिल्ला आठवा. तिथल्या मावशी तुम्हाला ओळखत नाहीत, नाव विचारत नाहीत. बिल्ला पुढे केला की त्या क्रमांकाच्या चपला समोर येतात. ॲक्सेस टोकन अगदी तसंच चालतं. पासवर्ड एकदा दिला की सर्व्हर एक लांबलचक अक्षरमाळ हातात ठेवतो. पुढे ॲप पासवर्ड विचारत नाही, ती अक्षरमाळच दाखवत राहतं. अशी टोकनं कशी द्यायची-वापरायची हे ठरवणाऱ्या, ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या ओऑथ २.० च्या मानकात याला 'बेअरर' टोकन म्हटलंय. म्हणजे ज्याच्या हातात, त्याचं. बिल्ला कुठे सापडला, कोणाच्या खिशातून पडला, हे सर्व्हर विचारत नाही. म्हणून असा बिल्ला मुळात कुठे कुठे तयार होतो, हाच तपासणीचा पहिला प्रश्न.

फेसबुकवर तो एका भलत्याच जागी तयार होत होता.

'व्ह्यू ॲज' नावाची एक सोय होती, आणि ती चांगल्या हेतूनं केलेली होती. माझं प्रोफाइल शेजारच्या काकूंना कसं दिसतं, माझे कोणते फोटो त्यांच्यापर्यंत पोचतात, हे मला त्यांच्या नजरेनं पाहता यावं म्हणून. हे पान फक्त बघण्यापुरतं असायला हवं होतं. त्यावरून काही लिहिता येऊ नये, काही चढवता येऊ नये. बहुतेक ठिकाणी ते तसंच होतं. एक पेटी मात्र निसटली. मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची पेटी. 'व्ह्यू ॲज'मध्येही ती दिसायची आणि तिच्यात व्हिडिओ जोडायची सोय शाबूत होती. ही पहिली चूक. एवढीच असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

दुसरी चूक व्हिडिओ चढवणाऱ्या भागाची. जुलै २०१७ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली होती. हा भाग पानावर आला की एक टोकन तयार व्हायचं, आणि त्या टोकनाला अधिकार मिळायचे थेट फेसबुकच्या मोबाइल ॲपचे. एक व्हिडिओ चढवायला घरच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा द्यायचा, असा हा प्रकार. तरीही, जुडगा माझा आणि माझ्याच हातात असता, तर निदान परक्याच्या घरात शिरता आलं नसतं.

तिसरी चूक खरी घातकी. 'व्ह्यू ॲज'मध्ये असताना ते टोकन माझ्या नावानं निघत नव्हतं, काकूंच्या नावानं निघत होतं. आणि ते कुठे ठेवलेलं होतं? पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझरकडे येणाऱ्या पानाच्या मूळ मजकुरात. ब्राउझरमध्ये पेज सोर्स उघडायचा, ती अक्षरमाळ शोधायची, उचलायची. काकूंना काही कळत नाही, त्यांच्या फोनवर सूचना जात नाही, पासवर्ड तसाच राहतो. फेसबुकच्या लेखी मात्र आता मी काकू.

कोडमध्ये काय झालं असावं, याबद्दल माझा तर्क सरळ आहे. 'सध्या पानावर कोण आहे?' हा प्रश्न व्हिडिओच्या भागानं विचारला, आणि 'व्ह्यू ॲज'नं त्याला दाखवण्यासाठीचं उत्तर दिलं: काकू. पान रंगवण्यासाठी ते उत्तर बरोबर होतं. टोकन काढण्यासाठी ते भयंकर होतं. एकाच प्रश्नाचे दोन अर्थ होते, कोणासाठी दाखवायचं आणि कोण आलंय. ते दोन्ही एकाच नावाच्या आड राहिले की असंच होतं. आमच्या टीममध्ये कोड वाचताना 'करंट युजर' असे शब्द दिसले, की मी तिथे थांबते आणि विचारते, यातला कोण?

आता टेस्टरच्या नजरेनं बघा. 'व्ह्यू ॲज' तपासणाऱ्यानं काय तपासलं असेल? लपवलेले फोटो लपतात का, दाखवायचे दिसतात का. पास. व्हिडिओ तपासणाऱ्यानं? व्हिडिओ चढतो का, मोठी फाइल अडकते का, नेट तुटलं तर काय होतं. पास. शुभेच्छांच्या पेटीलाही कोणीतरी हिरवी खूण दिलीच असेल. तिन्ही चाचण्या खऱ्या, तिन्ही निकाल खरे, आणि चौदा महिने भगदाड उघडं. हा दोष कोणत्याही एका भागात नव्हता, तिन्ही भाग एकाच पानावर भेटले तिथे तो होता. कंपनीनं स्वतःच्या निवेदनातही तीन वेगळ्या चुकांचा मेळ असंच याचं वर्णन केलं. यात कोणी कामचुकारपणा केला, असं मला वाटत नाही. ज्या जागेचा कोणी मालक नव्हता, ती जागा कोणी तपासली नाही, इतकंच.

पकडता आलं असतं का? आलं असतं, आणि फार साध्या चाचणीनं. आम्ही ती जवळपास रोज चालवतो, म्हणून तपशिलात सांगते. दोन खाती घ्यायची. एकाला आम्ही 'पाहणारी' म्हणतो, दुसऱ्याला 'दिसणारी'. पाहणारीनं लॉगिन करायचं आणि दिसणारीशी संबंध येणारं प्रत्येक पान उघडायचं. दुसऱ्याच्या नजरेनं पाहण्याची सोय असेल तर ती आधी. स्क्रीनवर काय दिसतं याकडे लक्षच द्यायचं नाही. सर्व्हरकडून जे जे आलं ते सगळं साठवायचं: एचटीएमएल, स्क्रिप्ट, हेडर, कुकी, मागच्या बाजूला गेलेल्या विनंत्यांची उत्तरं. त्यातून टोकनासारखी दिसणारी प्रत्येक अक्षरमाळ वेगळी काढायची आणि ती एकेक करून सर्व्हरलाच परत देऊन विचारायचं, हे कोणाचं? शंभरात एकदाही उत्तर 'दिसणारी' आलं, तर रिलीज तिथेच थांबलं. टोकन कोणाचं, कोणत्या ॲपसाठी, कोणत्या अधिकारांचं, कधीपर्यंतचं, हे सांगणारी सोय फेसबुकनं बाहेरच्या डेव्हलपरांसाठी कधीचीच ठेवलेली आहे. म्हणजे हत्यार घरातच होतं.

पहिल्यांदा ही चाचणी लिहायला मला दीड दिवस लागला. अवघड होतं ते टोकन शोधणं नव्हे, तर पानांची यादी. ज्या पानावर टोकन तयार होतं हे कोणाला माहीतच नाही, ते पान यादीत येणार कसं? शेवटी आम्ही उलट्या बाजूनं गेलो. टोकन तयार करणारं फंक्शन एकच ठेवलं आणि त्याला कोण कोण हाक मारतं ते कोडमधून काढलं. समोर आलेल्या नावांतली दोन टीममधल्या कोणालाच ठाऊक नव्हती. एक जुन्या फोटो विभागाचं होतं. ते आम्ही त्याच दिवशी बंद केलं.

हल्ला पसरला कसा, तेही बघण्यासारखं आहे. हल्लेखोरांकडे आधीपासून काही खाती होती आणि ती फेसबुकवरच्या मित्रांशी जोडलेली होती. एका खात्यातून मित्रांची टोकनं उचलायची, मग त्या मित्रांच्या मित्रांची. हे सगळं आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं. असं करत ते सुमारे ४ लाख खात्यांपर्यंत पोचले, आणि त्या ४ लाखांच्या मित्रयाद्यांमधून पुढे सुमारे ३ कोटी लोकांची टोकनं त्यांच्या हाती लागली. पहिला अंदाज ५ कोटींचा होता, तो १२ ऑक्टोबरला कंपनीनं ३ कोटींवर आणला. त्यातल्या दीड कोटी लोकांचं नाव आणि फोन नंबर किंवा ईमेल गेला. १ कोटी ४० लाखांचं त्याहून पुष्कळ जास्त गेलं: जन्मतारीख, धर्म, मूळ गाव, शिक्षण, नोकरी, शेवटच्या दहा जागा जिथे ते असल्याची नोंद होती, आणि शेवटचे पंधरा शोध. उरलेल्या १० लाखांचं काहीच घेतलं गेलं नाही. या यादीतले शेवटचे पंधरा शोध मला सगळ्यात जास्त टोचतात. फोन नंबर आपण दहा जणांना देतोच. आपण रात्री कोणाचं नाव शोधतो, हे आपण कोणालाच सांगत नाही.

इथवर हे एका घराचं प्रकरण झालं. सिंगल साइन-ऑन म्हणून त्याची दुसरी बाजू जास्त मोठी आहे. तेव्हा हजारो साइट्सच्या दारावर 'फेसबुकनं लॉगिन करा' असं निळं बटण होतं. मूळ घराचा बिल्ला चोरीला गेला, तर त्या बिल्ल्यावर उघडणाऱ्या बाकीच्या दारांचं काय? २ ऑक्टोबरला फेसबुकच्या गाय रोझेन यांनी सांगितलं, की नोंदी तपासल्या आणि हल्लेखोर फेसबुक लॉगिनवरून बाहेरच्या ॲपमध्ये शिरल्याचा पुरावा मिळाला नाही. जे डेव्हलपर कंपनीची अधिकृत एसडीके (ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) वापरतात किंवा टोकन अजून वैध आहे का हे नियमित तपासतात, ते टोकनं रद्द होताच आपोआप सुरक्षित झाले, असंही ते म्हणाले.

आणि जे तपासत नाहीत ते? त्यांच्यात तेव्हा आम्ही होतो.

माझं फेसबुक खातं त्या ९ कोटींत होतं. २९ सप्टेंबरला सकाळी फोन उघडला तर पासवर्ड मागत होता. बातमी वाचली होती, त्यामुळे धक्का बसला नाही. पण त्याच फोनवर मी आमच्या समुदायाची साइट उघडली, आणि मी आत होते. नाव, फोटो, मेसेज, सगळं जागच्या जागी. माझी आमच्या साइटवरची ओळख फेसबुकच्या भरवशावर उभी होती, फेसबुकनं तो भरवसा काढून घेतला होता, आणि आमच्या साइटला त्याचा पत्ताच नव्हता. आम्ही फेसबुकचं टोकन फक्त पहिल्या दिवशी बघत होतो. त्यानंतर आमची स्वतःची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली आमची ओळखखूण, तीस दिवसांची. म्हणजे कोणी चोरलेल्या टोकनावर आमच्याकडे एकदा शिरला असता, तर मूळ दार बंद झाल्यावरही महिनाभर आमच्या ओसरीत बसून राहिला असता. ती कुकी कोणी ठरवली हे शोधत बसले नाही. ती तपासायचं काम माझं होतं, आणि मी फक्त आत येणं तपासलं होतं. बाहेर पडणं तपासलंच नव्हतं.

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच महिनाभर आधी मांडलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये बाल्टिमोरच्या यूझनिक्स सुरक्षा परिषदेत त्यांनी दाखवलं, की मूळ खातं ताब्यात आलं की जोडलेल्या साइट्समध्ये किती सहज शिरता येतं आणि बहुतेक साइट्सवर घुसखोराला बाहेर काढायची सोयच वापरकर्त्याच्या हातात नसते. एका लॉगिनवर सगळीकडे आत जाता येतं, तर एका लॉगआउटवर सगळीकडून बाहेर पडता आलं पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. एकदाच साइन-ऑन, तसं एकदाच साइन-ऑफ. ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या मानकात यासाठी 'बॅक-चॅनल लॉगआउट' आहे. लॉगिन सेवा ब्राउझरवर अवलंबून न राहता जोडलेल्या प्रत्येक साइटच्या सर्व्हरला थेट कळवते, की या व्यक्तीचं सेशन संपलं. त्याचं मानक अंतिम झालं सप्टेंबर २०२२ मध्ये. चार वर्षं हा फार मोठा काळ आहे, असं मला आजही वाटतं.

आमच्या सेवेत आता बाहेर पडण्याच्या चाचण्या आत येण्याच्या चाचण्यांपेक्षा जास्त आहेत. एकाच वेळी लेखन विभाग, फोटो विभाग आणि कार्यक्रमांची नोंदणी अशा तिन्ही ठिकाणी लॉगिन करायचं, मधल्याच ठिकाणी पासवर्ड बदलायचा, आणि बाकी दोन्हीकडे पुढचा क्लिक नाकारला जातो का ते पाहायचं. एखाद्या विभागाचा सर्व्हर मुद्दाम बंद ठेवायचा, लॉगआउटचा निरोप पाठवायचा, मग सर्व्हर चालू करायचा. निरोप हरवला की नंतर पोचला? ही चाचणी आमच्याकडे तीनदा नापास झाली आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. शेवटी कुकीचं आयुष्य तीस दिवसांवरून एका तासावर आणलं आणि दर तासाला लॉगिन सेवेला मागच्या बाजूनं विचारणं सुरू केलं. वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. निरोप हरवलाच, तर नुकसान तासाभराचं.

टोकन घेतानाची तपासणीही घट्ट केली. ते कोणी दिलं, कोणत्या साइटसाठी दिलं, कोणाचं आहे, मुदत संपली का, आणि आम्ही या वेळच्या लॉगिनसाठी पाठवलेली एकवेळची खूण त्यात आहे का. दुसऱ्या ॲपसाठी काढलेलं खरंखुरं टोकन आमच्या दारात आणून दाखवलं तर ते नाकारलं जातं का, हे तर प्रत्येक रिलीजला बघतो, कारण टोकनावरची डिजिटल सही खरी असते म्हणून पुष्कळ साइट्स इथे फसतात. आणि माणूस ओळखायचा तो टोकनातल्या कायमच्या क्रमांकानं, ईमेलनं नव्हे. २०२० मध्ये भावुक जैन या भारतीय संशोधकानं 'साइन इन विथ ॲपल' या ॲपल खात्यानं लॉगिन करायच्या सोयीतला दोष दाखवला, तोही याच गोत्राचा. ईमेल पत्ता कोणाचाही द्या, सर्व्हर त्या पत्त्याच्या नावानं रीतसर सही केलेलं टोकन देत होता. ॲपलनं त्याला १ लाख डॉलरचं बक्षीस दिलं. सही खरी, ॲप खरं, माणूस खोटा.

फेसबुकच्या प्रकरणाचा हिशोब सहा वर्षांनी झाला. १७ डिसेंबर २०२४ ला आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगानं फेसबुकची मालक कंपनी मेटाला २५ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. जगभरातली सुमारे २ कोटी ९० लाख खाती त्यांनी धरली, त्यातली सुमारे ३० लाख युरोपातली. हल्ल्याची माहिती कळवताना पूर्ण दिली नाही याबद्दल ८० लाख, आणि नोंदी नीट ठेवल्या नाहीत याबद्दल ३० लाख. उरलेले २४ कोटी युरो रचनेबद्दल: १३ कोटी, कारण यंत्रणा उभारतानाच माहितीच्या संरक्षणाचा विचार त्यात गुंफला नव्हता, आणि ११ कोटी, कारण गरजेपुरतीच माहिती हाताळली जाईल असं मुळातून ठरवलेलं नव्हतं. हा निकाल मी आमच्या डिझाइनच्या बैठकीत वाचून दाखवला. व्हिडिओ चढवायला आख्ख्या ॲपचे अधिकार का, हा प्रश्न टेस्टरच्या टेबलावर येण्याआधी, फळ्यावर चौकटी काढतानाच विचारायचा होता.

'व्ह्यू ॲज' त्यांनी सप्टेंबरातच बंद केलं होतं. मे २०१९ मध्ये ते परत आलं, पण लोकांना सर्वसाधारणपणे काय दिसतं एवढंच दाखवायला. काकूंच्या नजरेनं पाहायची वाट गेली.

आमच्याकडे तशीच एक वाट होती. मदत कक्षातले स्वयंसेवक सभासदाची तक्रार सोडवताना 'सभासद म्हणून पाहा' हे बटण दाबत आणि खरोखरच तो सभासद होऊन जात. ते बटण काढून टाकावं असं माझं मत होतं. स्वयंसेवकांनी सांगितलं, की साठी-सत्तरीच्या सभासदांना फोनवर समजावताना समोर तेच पान असल्याशिवाय काम होत नाही, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणून जानेवारी २०२० च्या टोकन-अदलाबदलीच्या मानकातली रीत उचलली. अशा वेळी निघणाऱ्या टोकनावर दोन नावं असतात, कोणाच्या वतीनं आणि प्रत्यक्षात कोण. आयुष्य दहा मिनिटांचं, अधिकार फक्त वाचण्याचे. काहीही लिहायला, जोडायला, चढवायला गेलं की सर्व्हर नकार देतो, पानावर बटण दिसत असो वा नसो. सभासदालाही त्याच क्षणी निरोप जातो, की अमुक स्वयंसेवक तुमचं पान पाहत आहे.

ते सुरू केलं त्या संध्याकाळी मी स्वतः मदत कक्षात बसले. एका आजींचं पान उघडलं, त्यात शुभेच्छांची पेटी होती, मुद्दाम लिहायला गेले. नकार आला. मग पेज सोर्स उघडून टोकन शोधलं. एकच सापडलं. त्यावर आधी आजींचं नाव होतं आणि त्याखाली माझं.